वाचकांचे प्रश्न: टोटेम खांब, पाऊस आणि जुन्या फिती

गेल्या अंकात कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांचे कोरीव लाकडी खांब आणि त्यांच्या भाषांची ध्वनिमुद्रणं संग्रहालयं कशी सांभाळतात, यावर लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची नावं न छापता फक्त गावं दिली आहेत.

प्रश्न: मराठीत टोटेमला 'देवक' म्हणतात. मग हे खांब म्हणजे त्यांच्या देवकांच्या मूर्तीच झाल्या ना? संग्रहालयात त्यांची पूजा होऊ देतात का? (नागपूर)

'देवक' हा शब्द अर्ध्या वाटेपर्यंत बरोबर येतो. कळंब, पंचपल्लव, मोराचं पीस अशी देवकं कुळाची ओळख सांगतात आणि एका देवकात सोयरीक होत नाही. त्या किनाऱ्याजवळच्या बेटांवरच्या हायडा लोकांतही माणूस आईकडून डोमकावळा किंवा गरुड या दोन गटांपैकी एकात जन्मतो आणि लग्न दुसऱ्या गटात करतो. पुढे मात्र वाट वेगळी होते. आपण देवकाची पूजा करतो, तिथे खांबाची पूजा होत नाही. खांब म्हणजे घराण्याचा सातबारा आणि कुलवृत्तांत एकत्र. कुठलं नाव लावायचा, कुठली गोष्ट सांगायचा, कुठलं गाणं म्हणायचा, कुठल्या नदीत मासे धरायचा हक्क कुणाचा, हे त्यावर कोरलेलं असतं. खांब उभारताना पॉटलॅच नावाचा समारंभ होतो आणि आलेल्या पाहुण्यांना भेटी दिल्या जातात. त्या भेटी निव्वळ आहेर नव्हेत. पाहुणे हक्काचे साक्षीदार असतात आणि साक्षीचा तो मोबदला असतो. कॅनडा सरकारने १८८५ ते १९५१ या काळात पॉटलॅचवर कायद्याने बंदी घातली होती. म्हणजे नुसता उत्सव बंद पडला नाही, घराण्यांची दप्तरनोंदणीच बंद पडली.

जाता जाता: 'टोटेम' हा शब्द त्या किनाऱ्यावरचा नाहीच. तो कितीतरी पूर्वेला राहणाऱ्या ओजिब्वे लोकांच्या भाषेतून इंग्रजीत आला, आणि ओजिब्वे असे खांब कोरत नाहीत.

प्रश्न: आमच्या शहरातल्या एका बागेत जुना टोटेम खांब आहे. माथ्यावर शेवाळ आणि एक रोपटं उगवलंय, मागून बोट घातलं तर लाकूड भुसभुशीत लागतं. पोकळीत सिमेंट किंवा इपॉक्सी भरून टाकलं तर टिकणार नाही का? (बर्नबी, ब्रिटिश कोलंबिया)

सिमेंट नको, इपॉक्सीही नको. कारण समजून घेतलं तर पुढचे निर्णय सोपे होतात.

हे खांब वेस्टर्न रेड सीडरचे असतात. नावात सीडर असलं तरी हिमालयातल्या देवदाराशी त्याचं जवळचं नातं नाही. आपण बागेत लावतो त्या मोरपंखीचा तो थोरला भाऊबंद. त्याच्या गाभ्याच्या लाकडात बुरशीला मारक अशी नैसर्गिक द्रव्यं असतात, म्हणून ते इतर लाकडांपेक्षा खूप जास्त टिकतं. पण ही द्रव्यं सगळीकडे सारखी नसतात. सालीलगतच्या पांढुरक्या थरात ती जवळपास नसतात, गाभ्याच्या बाहेरच्या भागात भरपूर, आणि खोडाच्या अगदी मध्याजवळ पुन्हा कमी. शिवाय ती पाण्यात विरघळतात आणि वर्षानुवर्षांच्या पावसात धुऊन जातात. म्हणून खांब बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतून पोकळ होत जातो.

बुरशीला लागतं पाणी. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढत नाही, ३० टक्क्यांच्या आसपास गेला की जोमाने वाढते. त्याच किनाऱ्यावरच्या प्रिन्स रुपर्ट गावाला वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीत याहून जास्त पडतो हे खरं, पण आपला पाऊस चार महिन्यांत उरकतो आणि लाकडाला वाळायला आठ महिने मिळतात. तिथे झिमझिम जवळजवळ बारमाही. पाणी खांबात दोन ठिकाणांहून शिरतं. एक माथा, कारण तिथे लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात आणि ती स्ट्रॉसारखं पाणी ओढतात. दुसरं जमिनीलगतचं कडं, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. जमिनीत खोलवर हवा कमी, म्हणून तिथलं लाकूड कधी कधी वरच्यापेक्षा शाबूत निघतं.

आता तुमच्या इपॉक्सीकडे. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं आणि आकसतं, इपॉक्सी किंवा सिमेंट तसं हलत नाही. एक-दोन हिवाळ्यांत दोघांमध्ये केसाएवढी फट पडते. त्या फटीतून पाणी आत ओढलं जातं, पण बाहेर पडायला वाट नसते. भरावाच्या मागे कुजणं चालूच राहतं आणि बाहेरचा कोरीव पापुद्रा एक दिवस पत्र्यासारखा सुटून येतो. जुन्या दुरुस्त्यांमध्ये हे इतक्या ठिकाणी दिसून आलं आहे की नव्याने तोच प्रयोग करण्यात अर्थ नाही. पोकळी ही पोकळीच राहू द्यावी. तिच्यात पाणी साठणार नाही आणि वारा खेळेल एवढं पाहावं.

कामाचा क्रम असा. आधी तपासणी: लाकडी हातोडीने खालून वर ठोकत जायचं, आवाज बसका आला तिथे खडूने खूण. मग पातळ टोच्या दाबून पाहायचा, पण कोरीव भागावर नाही, मागच्या बाजूने. ओलावा मोजताना लांब, फक्त टोकाशी उघड्या सुया असलेला मीटर वापरावा, नाहीतर नुसत्या पृष्ठभागाचा आकडा मिळतो. पूर्वी क्षारांची प्रक्रिया झालेली असेल तर मीटर खोटं जास्त दाखवतो, हेही ध्यानात ठेवावं. रोपटं उपटू नका. मुळांबरोबर लाकडाचे लगदे निघतात. ते बुंध्याशी कापायचं आणि मुळं तिथेच वाळू द्यायची. शेवाळ किंचित ओलं करून मऊ ब्रशने आणि बांबूच्या पातळ चिपेने काढायचं. दगडफुलासारखे लायकेन घट्ट बसले असतील तर ओढाताण न करता सोडून द्यायचे. दाबाच्या पाण्याचा फवारा आणि ब्लीच, दोन्ही वर्ज्य. पहिल्याने वाकसाच्या मूळ खुणा उडतात, दुसऱ्याने लाकडाचे तंतू पिंजल्यासारखे सुटतात.

त्यानंतर बुरशीरोधक. टाकणखाराच्या कुळातलं डायसोडियम ऑक्टाबोरेट हे संयुग कोमट पाण्यात साधारण १० टक्के विरघळवून दोन हात देतात. गंमत म्हणजे लाकूड थोडं दमट असलेलं इथे बरं, कारण बोरेट ओलाव्याच्या वाटेनेच आत झिरपतं. रंग शिल्लक असेल तिथे आधी कोपऱ्यात चाचणी घ्यावी, काही जुने रंग पाण्याने सुटतात. प्रमाण जास्त झालं तर पांढरी खार फुटते. जाड भागांत मागून भोक पाडून बोरेटच्या घट्ट कांड्या बसवतात आणि भोक लाकडी खुंटीने बंद करतात. पण जे पाण्यात विरघळून आत जातं ते पाण्यानेच बाहेरही येतं. म्हणून माथ्यावर टोपी नसेल तर बोरेट लावणं म्हणजे गळक्या छताखाली चुना मारणं. टोपी तांब्याच्या पत्र्याची, उताराची, कडेला पाणी ठिबकून दूर पडेल अशी पुढे काढलेली, आणि लाकूड व पत्रा यांत हवा खेळेल एवढी जागा ठेवून बसवायची. डांबराने घट्ट चिकटवलेली टोपी घामेजते आणि खालचं लाकूड आधीपेक्षा लवकर कुजतं.

बुंधा काँक्रीटच्या खळग्यात उभा असेल तर तो खळगा म्हणजे पाण्याची वाटी. खांब उचलून मागे पोलादी आधारखांब देतात आणि बुंधा जमिनीपासून काही इंच वर ठेवतात. बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच हवेत. साध्या लोखंडाशी सीडरमधल्या द्रव्यांचा संयोग होऊन काळे-निळे ओघळ उतरतात आणि बोल्टही खाल्ला जातो.

आणि यातलं काहीही करण्याआधी पालिकेला विचारा की खांब कुठल्या घराण्याचा किंवा कुठल्या कलाकाराचा आहे आणि त्यांच्याशी बोलणं झालंय का. ते झालं नसेल तर टोच्यालाही हात लावू नये.

प्रश्न: मी सुतार. लाकडाला उभी चीर पडली की आम्ही लांबी भरून रंग देतो. फोटोत या खांबांना एवढ्या चिरा दिसतात, त्या कुणी बुजवत का नाही? आणि खांब मागून कोरून पोकळ का केलेले असतात? (सावंतवाडी)

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच. ओलं सीडर पूर्ण वाळताना कडीच्या दिशेने, म्हणजे वार्षिक वलयांच्या अंगाने, सुमारे ५ टक्के आकसतं आणि गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे २.४ टक्के. घेर जास्त आटतो, त्रिज्या कमी, मग अख्खं गोल खोड कुठेतरी फाटणारच. मागचा अर्धा भाग आणि गाभा काढून टाकला की उरलेली कमान थोडी उघडझाप करू शकते आणि ताण निघून जातो. वजन कमी होतं हा वरचा फायदा, आणि कुजायला सर्वांत सोपा मधला भागही जातो. सगळेच खांब असे नसतात. ज्यांच्या माथ्यावर मृताची पेटी ठेवायची असे काही खांब भरीव असत.

चीर ही सजीव असते. हिवाळ्यात मिटते, उन्हाळ्यात उघडते. लांबी भरली की मिटायला जागा राहत नाही, मग शेजारी दुसरी चीर जाते. पाणी साठेल अशा आडव्या बेचक्यातली चीर असेल तर सीडरचीच, त्याच रेषांची पातळ पट्टी एकाच कडेला चिकटवून बसवतात. दुसरी कडा मोकळी. तुमच्या लांबीपेक्षा हे तुमच्याच हाताला जास्त जमेल.

प्रश्न: संग्रहालयशास्त्राची विद्यार्थिनी आहे. बाहेरचा खांब इमारतीत आणताना नेमकी काय काळजी घेतात? (पुणे)

आधी वजनाचा अंदाज. १० मीटर लांब, १ मीटर व्यासाचा, मागून कोरून १८ सेंटिमीटर जाडीची भिंत ठेवलेला खांब धरा. लाकूड सुमारे २.३ घनमीटर भरतं. कोरड्या सीडरचं वजन घनमीटरला ३८० किलोच्या आसपास, म्हणजे जवळपास ९०० किलो. भिजलेला असेल तर दीडपट, दुप्पटही. क्रेनवाल्याला कोरडा आकडा सांगणं ही नेहमीची चूक.

रुंद नायलॉनचे पट्टे वापरायचे, साखळी कधीच नाही. पट्टे दोन्ही टोकांपासून लांबीच्या साधारण पाचव्या हिश्श्यावर, म्हणजे मध्यभाग झोळीसारखा वाकत नाही. चोच, पंख असे जोडलेले भाग आधी सोडवून वेगळे बांधतात. ते खुंट्यांवर बसवलेले असतात. खांब पाठीवर, कोरीव तोंड वर करून, त्याच्या आकाराला कापलेल्या फोमच्या पाळण्यात ठेवायचा. एडिनबराच्या संग्रहालयातून निस्गा लोकांचा ११ मीटरचा खांब २०२३ मध्ये परत गेला तेव्हा तो आधी पाडबांधणीत आडवा केला आणि मग कॅनडाच्या हवाई दलाच्या हर्क्युलिस विमानातून नेला. त्याच वर्षी व्हिक्टोरियाच्या रॉयल बीसी म्युझियमने नुहाल्क लोकांचा खांब परत दिला, तेव्हा तो बाहेर काढायला इमारतीची बाजू उघडावी लागली. संग्रहालयं वस्तू आत घेताना बाहेर काढायचा विचार फारसा करत नाहीत, याचा हा बोलका पुरावा.

आत आणल्यावर खरा धोका कोरडेपणाचा. ३० टक्के ओलाव्याचा खांब हिवाळ्यात गरम केलेल्या, २५ टक्के आर्द्रतेच्या दालनात ठेवला तर काही दिवसांत बंदुकीसारखे आवाज करत तडकतो. म्हणून तो आधी थंड शेडमध्ये, पॉलिथिनच्या आवरणाखाली ठेवतात. दोन्ही टोकांना जास्त घड्या, कारण टोकं सर्वांत लवकर सुकतात. आवरण आठवड्या-आठवड्याने थोडं थोडं उघडत आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास आणायची. याला महिने लागतात. खांब वजनकाट्यावर ठेवून वजन घटायचं थांबलं की समजायचं तो स्थिरावला.

कीड असेल तर ती दालनात येता कामा नये. लाकूड पोखरणाऱ्या मोठ्या काळ्या मुंग्या आणि भुंगेऱ्यांच्या अळ्या या दोन्हींचा उपाय शीतकरण. वाळलेला खांब पॉलिथिनमध्ये हवाबंद करून शीतवाहू ट्रेलरमध्ये ठेवतात. उणे ३० अंशाला तीन दिवस, उणे २० असेल तर किमान आठवडाभर, आणि हा हिशेब खांबाचा गाभा त्या तापमानाला पोहोचल्यानंतरचा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही, नाहीतर थंड लाकडावर दव धरतं.

व्हँकुव्हरला ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचं मानववंशशास्त्र संग्रहालय आहे. १९७६ च्या त्या इमारतीचं उंच काचेचं मोठं दालन भूकंपाच्या भीतीने पायापासून नव्याने बांधलं आणि २०२४ मध्ये उघडलं. उभे खांब भूकंपात कसे वागतात, माथ्याला आधार कुठे द्यायचा, यासाठी ते उदाहरण अभ्यासण्यासारखं आहे.

प्रश्न: जुन्या वस्तूंवर विष असतं असं वाचलं. खरं का? (सांगली)

खरं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, काही ठिकाणी नंतरही, संग्रहालयं किडीसाठी आर्सेनिक, पाऱ्याची संयुगं, डीडीटी सर्रास वापरत. बाहेरच्या खांबांवर क्रिओसोट आणि पेंटाक्लोरोफिनॉल. मुखवटे आणि वस्त्रं समाजाकडे परत जातात तेव्हा ती तोंडावर, अंगावर घातली जाणार असतात, म्हणून प्रश्न गंभीर. हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राने आर्सेनिक, पारा, शिसं कळतं. डीडीटी मात्र त्यात दिसत नाही, त्याला वेगळी प्रयोगशाळा. धुऊन हे जात नाही. नायट्राइल हातमोजे, चांगला मास्क, आणि वस्तूसोबत अहवाल, एवढं किमान.

प्रश्न: हायडा लोक आपले जुने खांब रानात कुजू देतात असं तुम्ही लिहिलंत. मग युरोपातल्या संग्रहालयांनी ते नेले हे बरंच झालं म्हणायचं! नाहीतर आज एकही उरला नसता. (कोल्हापूर)

हा युक्तिवाद संग्रहालयांनीही वर्षानुवर्षं केला आहे. त्यात एक गाळलेला भाग आहे. १८६२ च्या देवीच्या साथीने किनाऱ्यावरची गावंच्या गावं ओस पडली. उरलेले लोक मोठ्या वस्त्यांत एकवटले, आणि मग पॉटलॅचवर बंदी आली. या काळात 'बेवारस' म्हणून जे उचललं गेलं त्याचे वारस जिवंत होते, फक्त शेजारच्या गावात होते.

हायडांच्या बेटांच्या, म्हणजे हायडा ग्वायच्या, दक्षिण टोकाजवळचं स्गांग ग्वाय हे गाव १९८१ पासून जागतिक वारसा यादीत आहे. १९५७ मध्ये तिथले काही खांब संग्रहालयांत हलवले. बाकीचे आजही जागेवर आहेत. हायडा पहारेकरी उन्हाळाभर तिथे राहतात, खांबांभोवतालची झाडं-मुळं मर्यादेत ठेवतात, झुकलेल्याला टेकू देतात, पण कुजणं थांबवत नाहीत. काही खांबांत मृतांच्या पेट्या होत्या, ती स्मशानं आहेत. शिवाय पडलेला खांब पुन्हा उभा करायचा तर जुन्या रीतीप्रमाणे नव्याइतकाच समारंभ आणि खर्च करावा लागतो. त्यापेक्षा नवा कोरणं सरळ. हे गाव ज्या संरक्षित क्षेत्रात येतं तिथेच २०१३ मध्ये नवा खांब उभारला.

स्वीडनचं उदाहरण घ्या. हाइस्ला लोकांचा १८७२ चा ग्प्सगोलॉक्स खांब १९२९ मध्ये तिकडे गेला. तो परत मागितला तेव्हा संग्रहालयाचं म्हणणं असं की नियंत्रित हवेची इमारत हवी. हाइस्लांच्या रीतीत खांबाचं शेवटी मातीत जाणं हेच ठरलेलं. हाइस्ला कलाकारांनी प्रतिकृती कोरून एक स्वीडनला दिली आणि मूळ खांब २००६ मध्ये घरी आला. वाटाघाटींना दीड दशक लागलं. लाकूड किती वर्षं टिकलं हे मोजायची एक पट्टी आहे, कोरणारा हात टिकला का ही दुसरी. व्हिक्टोरियाच्या संग्रहालयाने १९५२ मध्ये क्वाक्वाकवाक्व कलाकार मंगो मार्टिन यांना जुन्या खांबांच्या नकला कोरायला बोलावलं. त्यांच्या हाताखाली पुढची पिढी शिकली. त्या एका नेमणुकीने जे वाचवलं ते कुठल्याही बोरेटने वाचलं नसतं, असं आमचं मत.

दुसऱ्या बाजूनेही एक सांगायला हवं. सगळ्यांना कुजू द्यायचंच असतं असं नाही. निस्गांनी परत आलेला खांब स्वतःच्या संग्रहालयात, छताखाली ठेवला. अलास्कात केचिकनला १९७६ पासून एक केंद्र जुने त्लिंगिट आणि हायडा खांब न रंगवता, न डागडुजी करता आत सांभाळतं. निर्णय कुणी घेतला, एवढाच फरक.

प्रश्न: आमच्याकडे १९८० च्या दशकात मेळघाटात ध्वनिमुद्रित केलेल्या कोरकू गाण्यांच्या आणि कहाण्यांच्या कॅसेट आहेत, काही स्पूल टेपही. तिकडचे लोक भाषेची अशी सामग्री कशी वाचवतात? आम्हाला घरच्या घरी काय करता येईल? (परतवाडा)

ब्रिटिश कोलंबियात तीसहून अधिक मूळ भाषा आहेत आणि बहुतेकींचे अस्खलित बोलणारे आता म्हातारे आहेत. हायडा तर जगातल्या कुठल्याच भाषेशी नातं सिद्ध न झालेली, आपल्या जळगाव जामोदकडच्या निहालीसारखी. स्किडगेट या हायडा गावात १९९८ पासून वडीलधारी मंडळी रोज एकत्र बसून शब्द आणि वाक्यं ध्वनिमुद्रित करत आली. त्यांच्या आणि तुमच्या सामग्रीचा शत्रू एकच: फीत टिकली तरी ती वाजवणारं यंत्र आणि ते दुरुस्त करणारा माणूस नाहीसा होतोय.

पहिला नियम, उत्साहाने लगेच वाजवू नका. आधी वास घ्या आणि बघा. स्पूल उजेडासमोर धरा. गुंडाळीतून उजेड आरपार दिसला तर फीत अ‍ॅसिटेटची, काळी दिसली तर पॉलिएस्टरची. अ‍ॅसिटेटला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ती विघटित होतेय आणि शेजारच्या फितींनाही बाधते. ती वेगळ्या, हवेशीर खोक्यात ठेवा आणि रांगेत सर्वांत आधी घ्या. पॉलिएस्टरची फीत वाजवताना चीं-चीं करत हेडवर तपकिरी चिकटा सोडत असेल तर ताबडतोब थांबा. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही फितींत चुंबकीय थर धरून ठेवणारा चिकटद्रव हवेतलं पाणी शोषून सुटतो. त्यावर प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये ५० ते ५४ अंशांना आठेक तास मंद शेक देतात. पुढचे काही आठवडे फीत वाजते, तेवढ्यात नक्कल करायची. स्वयंपाकघरातल्या ओव्हनचं तापमान वर-खाली होतं, त्यात हे करायचं नाही. अ‍ॅसिटेटला तर हा उपाय घातकच.

कॅसेटचं थोडं सोपं. मागच्या कडेची दोन्ही प्लास्टिकची जिभली आधी तोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. आतला फोम-पॅडचा तुकडा गळून पडला असेल तर आवाज दबका येतो. पाच स्क्रूवाली चांगली रिकामी कॅसेट घेऊन फीत तिच्यात बसवायची. एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या, चिकटलेले वेढे सुटतात. डेकचं हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. रोलर पूर्ण वाळू द्या. मग हेडचा कोन. मूळ ध्वनिमुद्रण दुसऱ्या यंत्रावर झालेलं असल्याने तो जुळत नाही आणि उच्च स्वर, म्हणजे नेमके स, श, च, ट यांचे उच्चार, गुळमुळीत होतात. हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवत आवाज सर्वांत खणखणीत येईल तिथे थांबायचं. प्रत्येक कॅसेटला हे पुन्हा. भाषेच्या कामात हे टाळलं तर पुढे कुणी उच्चारांवर वाद घालेल आणि दोष तुमच्या स्क्रूचा असेल.

नक्कल २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइलमध्ये. स्टिरिओचा एक तास सुमारे २ जीबी, मोनो त्याच्या निम्मा. एमपी३ ही फक्त ऐकायची प्रत. मूळ फाइलवर आवाज स्वच्छ करायचा मोह आवरा. खरखर काढणारं सॉफ्टवेअर श्वासाचे आणि कंठ्य आवाजही काढून टाकतं. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक वेगळ्या गावात. ब्राझीलच्या राष्ट्रीय संग्रहालयाला सप्टेंबर २०१८ मध्ये आग लागली तेव्हा तिथला आदिवासी भाषांचा संग्रह जळाला. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल जराही बदलली की बदलणारा ओळख-आकडा) काढून वर्षातून एकदा पडताळा. आणि मूळ फिती फेकू नका.

नोंद मात्र ध्वनिमुद्रणाइतकीच महत्त्वाची. कोण बोललं, कुठल्या गावचं, कुठली बोली, कधी, गाणं कुठल्या प्रसंगाचं, आणि आज परवानगी कोण देऊ शकतं. गावातली म्हातारी माणसं ऐकून आवाज ओळखू शकतात तोवरच हे होईल. फीत दहा वर्षं थांबेल, ती माणसं थांबणार नाहीत. ज्यांच्या घरातला आवाज आहे त्यांना पहिली प्रत द्या, पेनड्राइव्हवर, आणि ऐकायला यंत्र आहे का तेही विचारा.

त्याहून जुनं काही, म्हणजे मेणाचे सिलिंडर वगैरे, हाती लागलं तर सुईखाली घालू नका. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला शंभर वर्षांपूर्वीचे सुमारे २,७०० सिलिंडर आहेत. त्यांचे चर कॅमेऱ्याने वाचून, स्पर्श न करता, आवाज काढण्याची पद्धत तिथल्याच प्रयोगशाळेत तयार झाली.

प्रश्न: भाषेच्या याद्या, शब्दकोश संगणकावर केले की झालं ना? (ठाणे)

श्रीलिपीच्या जुन्या मराठी फॉन्टमधली फाइल नव्या संगणकावर उघडून बघा. तिकडेही तेच झालं. हायडा आणि क्वाक्वाला या भाषांच्या लेखनात अक्षराखाली रेघ, वर चिन्ह अशा खुणा लागतात. नव्वदच्या दशकात त्यासाठी प्रत्येकाने आपापला फॉन्ट बनवला आणि फॉन्ट हरवला की कोशाचा कचरा. आता सगळं युनिकोडमध्ये आणतात. तरी एकच अक्षर दोन तऱ्हांनी साठवता येतं आणि शोधताना सापडत नाही, म्हणून सर्व मजकूर एकाच प्रमाणित रूपात बदलून घ्यावा लागतो. स्क्वामिश भाषेच्या लेखनात तर कंठातल्या अडखळीसाठी इंग्रजी सातचा आकडा अक्षर म्हणून वापरतात. स्कॅन वाचणारं सॉफ्टवेअर त्याला अक्षर न समजता आकडा समजू शकतं. जुनी फाइल, तिचा फॉन्ट, मूळ कागदाचं स्कॅन, तिन्ही ठेवा.

प्रश्न: एवढी मेहनत करून ध्वनिमुद्रणं कुलूपबंद का ठेवतात? यूट्यूबवर टाकली तर भाषा पसरेल. (डोंबिवली)

काही टाकतातच. फर्स्टव्हॉइसेस नावाचं संकेतस्थळ २००३ पासून शब्द, वाक्यं, गोष्टी, कळफलक सगळं पुरवतं, आणि काय उघडं ठेवायचं हे प्रत्येक समाज ठरवतो. पण गाणं तिथे मालमत्ता असतं. अमुक घराण्याचं गाणं दुसऱ्याने म्हणणं म्हणजे त्याच्या जमिनीवर आपलं नाव लावणं. संगीताच्या अभ्यासक इडा हाल्पर्न यांनी १९४७ पासून, पॉटलॅचवर बंदी असताना, प्रमुखांची गाणी ध्वनिमुद्रित केली. गाणाऱ्यांनी ती दिली कारण वारसांपर्यंत दुसरी वाट उरली नव्हती. तो विश्वास जाहीर प्रक्षेपणाची संमती ठरत नाही. म्हणून संग्रहांत आता स्तर असतात: सर्वांसाठी, समाजापुरतं, घराण्यापुरतं, काही गोष्टी फक्त हिवाळ्यात. ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगु समाजाबरोबर तयार झालेली मुकुर्तु ही मोफत संगणकप्रणाली असेच स्तर लावू देते. संस्था छोटी असेल तर साध्या तक्त्यात 'कुणाला विचारायचं' असा एक रकाना ठेवला तरी काम भागतं.

प्रश्न: सिडोलीच्या, म्हणजे कोरकूंच्या मृतसंस्काराच्या, वेळी आमच्याकडे मृतांच्या नावाने सागवानाचे कोरीव मुंडे उभे करतात. त्यांना हेच उपाय चालतील का? (धारणी)

थोडे चालतील. तुमच्याकडे पाऊस चार महिने, मग कडक ऊन, आणि वाळवी. ऊन सागाचा वरचा थर करडा करून झिजवतं, त्यामुळे घोडेस्वार, चंद्र-सूर्य पुसट होत जातात. त्यावर व्हार्निश किंवा ऑइलपेंट मारला की दोन उन्हाळ्यांत पोपडे येतात आणि पोपड्यांबरोबर कोरीव काम निघतं. बुंध्याभोवती हातभर रुंदीची माती काढून खडी भरा, गवत वाढू देऊ नका, पावसाळ्याआधी आणि नंतर मातीच्या नळ्या चढल्यात का पाहा. त्या नुसत्या झाडून चालत नाही, वाळवी पुन्हा येते. मुळाशी वारूळ आहे का शोधा. बोरेट जमिनीवरच्या भागाला उपयोगी, पुरलेल्या भागातून पहिल्याच पावसात निघून जातं. आणि हात लावण्याआधी त्या घरच्यांना आणि भुमकाला, म्हणजे गावच्या पुजाऱ्याला, विचारा. ते म्हणाले राहू दे तसंच, तर चारही बाजूंनी फोटो, उंची-रुंदीची मापं आणि कुणाच्या नावाचा मुंडा आहे एवढं लिहून ठेवा, घरच्यांची त्यालाही हरकत नसेल तर.